आधी चिखल, मग फूल

आमच्या चेल्टनहॅमच्या घरामागे एक जुना प्लॅस्टिकचा टब आहे. मुलं लहान असताना त्यात पाणी भरून खेळायची. आता त्यात चिखल आहे, आणि चिखलात किंगकपचं झाड. मार्च संपता संपता, बाकीची बाग अजून काळवंडलेली असताना, या टबात एकदम पिवळाधमक प्रकाश पडतो. मराठी मित्रमंडळी घरी आली की टबाशी थबकतात आणि विचारतात, "हे कुठून आणलंस गं?"

कुठून आणलं हे सांगायला फार वेळ लागत नाही. पण हे टिकलं कसं, हे सांगायला हा लेख लिहावा लागतोय. कारण याआधी दोनदा मी ते मारलं आहे. पहिल्यांदा एका दुकानातून फुललेलं रोप आणलं, गुलाबांच्या शेजारी छानशा वाफ्यात लावलं आणि रोज पाणी घातलं. जुलैत आम्ही तीन आठवडे साताऱ्याला गेलो. परत आलो तेव्हा वाफ्यात नुसती खूण उरली होती. दुसऱ्यांदा बी आणलं. पाकिटातलं, खुळखुळणारं, कोरडं. एप्रिलमध्ये खिडकीच्या उबेत पेरलं. सप्टेंबरपर्यंत वाट पाहिली. एकही बी उगवलं नाही.

दोन्ही वेळा मी फुलाची काळजी घेत होते. त्याला जे लागतं त्याची काळजी घेत नव्हते. एवढंच मला आज सांगायचं आहे. पाणथळ जागेतलं फूल वाढवायचं म्हणजे आधी पाणथळ जागा वाढवायची. परसातल्या टबाला हे जितकं लागू आहे, तितकंच सरकारी राखीव जागेलाही लागू आहे. आणि माझं मत असं आहे, की आपण सगळेच, माळी काय आणि निसर्गप्रेमी काय, ही साधी गोष्ट वारंवार विसरतो आणि प्रेमापोटी कुंपणं घालत बसतो.

ओळखीच्या घरातलं फूल

किंगकप किंवा मार्श मॅरिगोल्ड. शास्त्रीय नाव काल्था पालुस्ट्रिस. 'पालुस्ट्रिस' म्हणजे दलदलीतलं. नावात मॅरिगोल्ड असलं तरी झेंडूशी याचा काही संबंध नाही. हे बटरकपच्या कुळातलं, म्हणजे रॅननक्युलेसी कुळातलं. या कुळाला ज्यावरून नाव पडलं त्या 'रॅननक्युलस' या लॅटिन शब्दाचा अर्थ आहे 'छोटा बेडूक'. या मंडळींना ओल किती प्रिय, हे नाव ठेवणाऱ्याला चांगलं ठाऊक असणार.

हे कूळ आपल्याला परकं नाही. ज्याला आपल्याकडे अनेक जण 'कांद्याचं बी' म्हणतात ती कलौंजी याच घरातली, तिचा कांद्याशी काही संबंध नाही. बाळगुटीत उगाळतात ते अतिविष याच घरातलं, आणि ज्याच्या नावानंच घाबरायला होतं तो बचनागही. सह्याद्रीतली मोरवेल आणि पावसाळा सरताना फुलणारी निळवंती याही त्याच घरच्या. औषध आणि विष एकाच छपराखाली नांदवणारं घराणं म्हणायचं.

किंगकपला खरं तर पाकळ्याच नाहीत. जे चकचकीत पिवळं दिसतं ते निदल आहेत, म्हणजे इतर फुलांत कळीला झाकणारी हिरवी पानं असतात ना, ती. साधारण पाच असतात, कधी जास्त. आपल्याला सगळं फूल एकसारखं पिवळं दिसतं. मधमाशीला मात्र अतिनील किरणं दिसत असल्यानं फुलाचा मध्यभाग गडद दिसतो, धावपट्टीवरच्या खुणेसारखा. वसंतात फार थोडी फुलं उमललेली असतात तेव्हा हे परागकण आणि मध देतं, म्हणून माश्यांची इथे गर्दी असते. आणि एक पाहुणा तर मुद्दाम भिंग घेऊन पाहावा असा. मायक्रोप्टेरिक्स काल्थेला नावाचा इवलासा सोनेरी पतंग. बाकीच्या पतंगांसारखी त्याला सोंड नसते, चावायला जबडे असतात, आणि तो फुलात बसून चक्क परागकण खातो. पतंगांच्या फार जुन्या घराण्यातला हा जीव. त्याच्या शास्त्रीय नावातही काल्था आहे.

बी, थेंब आणि पूर

आता मूळ मुद्दा. हे झाड स्वतःचं स्वतः कसं वाढतं ते पाहिलं, की आपण कुठे चुकतो ते आपोआप कळतं.

फुलं गळली की मे-जूनमध्ये मधोमध हिरव्या शेंगांची एक चांदणी तयार होते. शेंगा वरच्या बाजूनं उकलतात आणि त्यांची उघडी वाटी होते. वाटीत काळपट तपकिरी बिया. मग पाऊस पडतो. थेंब वाटीत आदळतो आणि उडणाऱ्या पाण्याबरोबर बिया बाहेर फेकल्या जातात. लहानपणी पागोळीखाली वाटी ठेवून पाणी उडताना पाहिलं असेल, तोच प्रकार. बीच्या एका टोकाला हवा धरणारा भुसभुशीत भाग असतो, त्यामुळे ते पाण्यावर तरंगतं, कित्येक दिवस, कधी काही आठवडेही. ओढ्याला थोडं पाणी चढलं की बी पुढच्या काठाला लागतं. तिथे चिखल उघडा असेल तर रुजतं. नसेल तर नाही.

या सगळ्या प्रवासात बी कधीही खुळखुळीत कोरडं होत नाही. म्हणून पाकिटातलं जुनं बी हट्टी होतं. त्याला लांबलचक ओली थंडी दाखवल्याशिवाय ते जागं होत नाही, आणि कधी कधी तेवढ्यानंही नाही. मी त्याला एप्रिलमध्ये खिडकीची ऊब दिली. म्हणजे झोपलेल्याला उठवायचं सोडून पांघरूण घातलं.

तिसऱ्या खेपेला मी जे केलं ते असं:

ओळखीच्या एका बाईंच्या तळ्याकाठचं किंगकप जूनमध्ये पिकलं, तेव्हा शेंगा उकलायला लागताच त्यांच्याकडून मूठभर बी मागून आणलं आणि त्याच संध्याकाळी पेरलं. पसरट ट्रे, त्यात पीट नसलेलं, खत कमी असलेलं कंपोस्ट. बी वरच विस्कटलं आणि झाकलं न झाकलं अशी बारीक खडी टाकली. हा ट्रे दुसऱ्या पाणी भरलेल्या ट्रेमध्ये ठेवला, निम्म्या उंचीपर्यंत पाणी येईल असा. सावलीत, घराबाहेर. काही रोपं त्याच उन्हाळ्यात वर आली. बाकीच्यांनी पूर्ण हिवाळा काढला, बर्फ अंगावर घेतलं, आणि पुढच्या मार्चमध्ये उगवली. दोन खरी पानं आल्यावर एकेक रोप नऊ सेंटीमीटरच्या कुंडीत हलवलं आणि कुंड्या पुन्हा पाण्यात उभ्या केल्या. पहिलं फूल यायला दोन ते तीन वर्षं लागतात. धीर हवा. गोडं लिंबू परसात बी टाकून वाढवणाऱ्यांना मी धीर काय शिकवणार!

ज्यांना एवढं थांबायचं नाही, त्यांनी गड्डा फोडावा. फुलं ओसरल्यावर, किंवा सप्टेंबरच्या आसपास, झाड उपटून धुवायचं आणि धारदार सुरीनं असे तुकडे करायचे, की प्रत्येकाला मुळं आणि निदान एक कोंब राहील. लगेच चिखलात लावायचे. शेवंतीचे किंवा हळदीचे गड्डे ज्यांनी फोडले आहेत त्यांचा हात आपोआप चालेल.

तळं हवंच असं नाही. भोक नसलेला टब, जुनं सिंक, फुटकी बादली आतून प्लॅस्टिक घालून, काहीही चालतं. मातीच्या वर पाच-सात सेंटीमीटर पाणी असलं तरी चालतं, नुसता कायम ओला चिखल असला तरी उत्तम. ऊन अर्धा दिवस पुरतं. पाणी शक्यतो पावसाचं घालावं. नळाच्या पाण्यात बऱ्याच ठिकाणी नायट्रेट, फॉस्फेट असतात, आणि टबात शेवाळं माजतं. खत घालायचा मोह आवरावा. इंग्लंडमध्ये पावसाची वाण नाही, फक्त छपराचं पाणी पिंपात साठवायला हवं.

एक सावधगिरी. या झाडाचा ताजा रस कातडीला झोंबतो. झाड तुटलं, चिरडलं की त्यातलं रॅननक्युलिन फुटून प्रोटोअ‍ॅनिमोनिन नावाचं रसायन तयार होतं, त्यानं फोड येऊ शकतात. पोटात तर जाऊच देऊ नये. म्हणून गड्डा फोडताना हातमोजे घालावेत. गंमत म्हणजे झाड वाळलं की हेच रसायन बदलून अ‍ॅनिमोनिन होतं आणि निरुपद्रवी ठरतं. त्यामुळे गुरं ताजं किंगकप टाळतात, पण वाळल्या गवतात ते आलं तर खातात. हा तपशील लक्षात ठेवा, गुरं या गोष्टीत पुन्हा येणार आहेत.

बॅजवर्थचं कुंपण

टबातलं झाड रांगेला लागलं तसा मला त्याच्या दुर्मीळ नातलगाचा शोध लागला, आणि तोही घरापासून अगदी जवळ. चेल्टनहॅम आणि ग्लॉस्टरच्या मध्ये बॅजवर्थ नावाचं गाव आहे. तिथे एका लहानशा, गाळानं भरत आलेल्या डबक्यात रॅननक्युलस ऑफिओग्लॉसिफोलियस हे बटरकप वाढतं. इंग्रजीत त्याला अ‍ॅडर्स-टंग स्पिअरवर्ट म्हणतात आणि इथले लोक प्रेमानं बॅजवर्थ बटरकप. साऱ्या ब्रिटनमध्ये ते आता दोनच ठिकाणी उरलं आहे: हे डबकं आणि त्याच परगण्याच्या दक्षिणेकडचं इंगलस्टोन कॉमन.

फूल किंगकपसारखं भव्य नाही. जेमतेम नखाएवढं. पण त्याची दिनचर्या ऐकण्यासारखी आहे. हे एका वर्षाचं झाड. मूळचं भूमध्य सागराकडच्या हवेतलं, ब्रिटन म्हणजे त्याच्या मुलखाची उत्तरेची वेस. उन्हाळ्यात डबकं आटलं पाहिजे, म्हणजे चिखल उघडा पडतो. शरदात त्या चिखलावर बी रुजतं. हिवाळ्यात डबकं भरलं पाहिजे, म्हणजे कोवळं रोप पाण्याखाली राहतं आणि कडाक्याच्या थंडीपासून वाचतं. वसंतात त्याची पानं पाण्यावर तरंगतात, जूनमध्ये फुलं येतात, बी पडतं, आणि पुन्हा आटणं. यातलं एक जरी चुकलं तरी ते वर्ष फुकट. म्हणून कधी शेकड्यांनी झाडं दिसतात, कधी एकही नाही. मात्र बी चिखलात वर्षानुवर्षं जिवंत राहू शकतं, आणि त्यावरच याचा सगळा डोलारा उभा आहे.

१९३० च्या दशकात हे डबकं वाचवण्यासाठी ती जागा राखीव करण्यात आली. चार्ल्स रॉथ्सचाइल्ड यांनी १९१२ मध्ये स्थापन केलेल्या, निसर्गराखीव जागांना चालना देणाऱ्या संस्थेकडे ती गेली. आज ती ग्लॉस्टरशर वाइल्डलाइफ ट्रस्ट सांभाळतं. देशातल्या सर्वांत लहान राखीव जागांमध्ये तिची गणना होते, एखाद्या घराच्या परसाएवढी. राखीव केल्यावर कोणीही करील तेच केलं गेलं: कुंपण घातलं. गुरांच्या खुरांखाली एवढं नाजूक फूल तुडवलं जाऊ नये म्हणून.

आणि फुलं कमी होऊ लागली.

कारण आता सोपं वाटतं. तोवर गुरं पाणी प्यायला त्या डबक्यात उतरत होती, काठचं गवत खात होती, चिखल तुडवत होती. कुंपण आल्यावर गवत माजलं, चिखल झाकला गेला, आणि बीला उजेड मिळेना. बी होतंच, चिखलात झोपलेलं. पण त्याला जागं करणारा खूर आता कुंपणाबाहेर होता. पुढे माणसांनी आत उतरून गवत काढायला, चिखल ढवळायला सुरुवात केली, म्हणजे गुरांचं काम हातानं करायला घेतलं, तेव्हा झाडं परत दिसू लागली. आजही तिथलं काम हेच आहे: पाण्याची पातळी सांभाळायची आणि चिखल उघडा ठेवायचा.

आईचा प्रश्न

मागच्या वर्षी आई आली होती. तिला मी ती जागा दाखवायला नेलं. आम्ही बाहेरूनच पाहिली. आईचं माहेर जावळी तालुक्यात, मेढ्याकडे. तिनं ते कुंपण पाहिलं, डबकं पाहिलं आणि म्हणाली, "अगं, म्हशी उतरल्याशिवाय तळं राहतं होय?"

मी तिला सगळी गोष्ट सांगितली. ती ऐकत होती, पण तिला त्यात काही नवल वाटल्याचं दिसलं नाही. गावाकडच्या तळ्याची आठवण तिनं काढली. "आपल्या गायरानातलं तळं बघितलंस ना? म्हशी होत्या तेव्हा आरशासारखं होतं. आता पाणकणसं माजलीत, काठ दिसत नाही. म्हशी राखायला कोण आहे? तुम्ही सगळी इकडे."

मला उत्तर सुचलं नाही. आमच्या घरची शेवटची म्हैस मी इंग्लंडला यायच्या वर्षीच विकली होती. त्याचा तळ्याशी काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

आईचं म्हणणं नुसती आठवण म्हणून सोडून देता येत नाही. भारतात याचा मोठा आणि कडवट धडा आहे. भरतपूरचं केवलादेव घाना पक्ष्यांसाठी प्रसिद्ध. १९८२ साली ते राष्ट्रीय उद्यान झाल्यावर तिथे गुरं चारायला बंदी आली. गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसं मेली. नामवंत पक्षितज्ज्ञही त्या वेळी बंदीच्या बाजूनं होते. म्हशींच्या चरण्यानं पक्ष्यांना त्रास होतो, असा समज होता. नंतर आपल्या मुंबईच्या बीएनएचएसनं, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं, तिथे अनेक वर्षांचा अभ्यास केला. निष्कर्ष उलटा निघाला. म्हशी गेल्यावर पाण्यातलं पॅस्पॅलम गवत अनावर वाढलं, उथळ मोकळं पाणी बुजत गेलं, आणि पाणपक्ष्यांचंच नुकसान झालं. पुढे गावकऱ्यांना गवत कापून नेऊ द्यावं लागलं. ज्या संस्थेच्या लोकांनी बंदीला साथ दिली, तिच्याच अभ्यासातून ती चूक दिसली आणि ती मान्य झाली. विज्ञानाची हीच बाजू मला सर्वांत आवडते. पण गेलेली माणसं काही परत येत नाहीत.

साताऱ्यात कास पठारावरही असाच वाद झाला. पश्चिम घाट २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरला, त्यात कास आहे. पर्यटकांच्या पायांपासून फुलं वाचवायला पठाराला तारेचं कुंपण घातलं गेलं. त्यानं पर्यटक अडले तशी गुरंही अडली. फुलं घटल्याची तक्रार स्थानिक लोक करू लागले, आणि काही वर्षांनी कुंपण काढण्यात आलं. फुलं कशामुळे घटली याबद्दल मतभेद आहेत, आणि ते असणारच, कारण पर्यटकांची गर्दीही काही कमी नाही. पण 'कुंपण म्हणजे संरक्षण' हे समीकरण तिथेही चाललं नाही.

मग गुरं मोकाट सोडायची का?

नाही. इथेच लोक माझ्याशी वाद घालतात आणि त्यांचं बरोबर आहे. अति चराईनं डोंगर उघडे पडलेले आपण पाहिलेत. प्रश्न गुरं असावीत की नसावीत हा नाही. किती, कधी आणि कुठे, हा आहे.

याचं उत्तर जुन्या लोकांनी काढलेलं आहे. विल्टशरमधल्या क्रिकलेडच्या नॉर्थ मेडोमध्ये ते अजून पाहायला मिळतं. थेम्सच्या पुरात बुडणारं हे कुरण स्नेक्स हेड फ्रिटिलरीच्या फुलांसाठी ओळखलं जातं, आणि त्याच्या ओल्या भागांत किंगकपही आहे. तिथला रिवाज असा: वसंतात कुरण बंद, फुलांना बी धरू द्यायचं, उन्हाळ्यात गवत कापायचं, मग १२ ऑगस्टपासून हक्कदारांची जनावरं चरायला सोडायची ती १२ फेब्रुवारीपर्यंत. म्हणजे गायरानच, पण तारखा बांधलेलं. फुलं तिथे कोणी लावली नाहीत. रिवाज पाळला, फुलं राहिली. इंग्लंड आणि वेल्समधली फुलांची जुनी कुरणं १९३० च्या दशकापासून सुमारे ९७ टक्के नाहीशी झाली, त्या पार्श्वभूमीवर हा रिवाज किती मोलाचा ते कळतं.

दुसरा आक्षेप बागवाल्यांचा. "कुरणं गेली, गुरं गेली, तर निदान आम्ही घरी रोपं करून ओढ्याकाठी लावू का?" हेतू चांगला, पण माझं मत स्पष्ट आहे: लावू नका. बाजारात किंगकप म्हणून जे मिळतं त्यात दुहेरी फुलांचा प्रकार आहे, ज्याला बी जवळजवळ धरतच नाही. हिमालयातून आलेला पांढरा प्रकार आहे. हे टबात शोभतात. पण ओढ्यावरच्या झाडांची तिथल्या पाण्याशी पिढ्यान्‌पिढ्यांची सोयरीक असते, तिच्यात उगाच लुडबुड कशाला? शिवाय कुंडीच्या चिखलातून कोण कोण जाईल सांगता येत नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडची क्रॅस्युला हेल्म्सी अशीच शोभेच्या पाणवनस्पतींबरोबर तळ्यांत पसरली आणि तिनं उघडा चिखल झाकून टाकला. तो चिखलच तर बॅजवर्थच्या बटरकपला हवा असतो. ही क्रॅस्युला धरून पाच आक्रमक पाणवनस्पती विकायला इंग्लंडमध्ये २०१४ पासून बंदी आहे. त्यांतल्या एकीला, तरंगत्या प्रिमरोझला, सुंदर पिवळी फुलं येतात, हेही ध्यानात असू द्या.

उलट दिशेनंही तेच. जंगली किंगकप उपटून घरी आणू नका. जमिनीच्या मालकाच्या परवानगीशिवाय कुठलंही रानटी झाड उपटणं १९८१ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि बॅजवर्थच्या बटरकपसारखी खास यादीतली झाडं तर तोडायचीही नाहीत.

"मग दुर्मीळ झाडाचं बी निदान बँकेत तरी ठेवायला हवं ना?" जरूर. ससेक्समधल्या वेकहर्स्टला क्यूची मिलेनियम सीड बँक आहे. तिथे बी काळजीपूर्वक वाळवून उणे २० अंशांत ठेवतात. तो विमा आहे आणि विमा हवाच. पण विमा काढला म्हणून कोणी घराची डागडुजी थांबवत नाही. शीतपेटीतलं बी एक दिवस बाहेर काढलं, तर ते पेरायला उघडा चिखल कुठे असेल, हा प्रश्न उरतोच. आणि खरं सांगायचं तर बॅजवर्थचं डबकं स्वतःच एक बीपेढी आहे. तिथे कोणाचं तरी पाऊल पडलं की ती उघडते.

आपण काय करावं

तर मंडळी, माझी विनंती साधी आहे.

घरी जागा असेल, नसेल तर बाल्कनीतही, एक टब चिखल करा. ओळखीच्या तळ्यावरून मालकाला विचारून जूनमध्ये ताजं बी आणा आणि त्याच दिवशी पेरा, किंवा स्थानिक मूळ सांगणाऱ्या रोपवाटिकेतून साधं एकेरी फुलाचं किंगकप घ्या. मुलांना पहिल्या पावसात शेंगांच्या वाटीतून बिया उडताना दाखवा. त्यासाठी कुठलंही तिकीट लागत नाही.

जवळच्या वाइल्डलाइफ ट्रस्टला मदत करायची असेल तर नुसते पैसे देऊन थांबू नका. शरदात ते गवत कापायला, डबकी साफ करायला स्वयंसेवक बोलावतात. त्या दिवशी गुडघाभर चिखलात उभं राहाल तेव्हा तुम्ही म्हशीचं काम करत असाल. मी दोन वर्षं करतेय. पाठ दुखते, पण या देशात इतकं आपलं काम मी दुसरं केलेलं नाही.

आणि गावाकडे कोणी तळ्याच्या 'सुशोभीकरणा'ची योजना आणली, काठाला फरशी आणि भोवती जाळी, तर फोनवर एक प्रश्न नक्की विचारा: "गुरं कुठून उतरणार?" उत्तर नसेल तर योजना अपुरी आहे, हे सांगायला आपल्याला इंग्लंडची पदवी लागत नाही. आईला ती लागली नाही.

आई परत गेली तेव्हा टबातल्या झाडाला शेंगा धरल्या होत्या. गावच्या तळ्यावर काय चाललंय ते मी आता दर आठवड्याला विचारते. शेजारच्या वाडीतल्या एका मुलानं दोन म्हशी घेतल्या आहेत, आणि तळ्याच्या एका कोपऱ्यातली पाणकणसं मोडून वाट पडली आहे, अशी कालची बातमी. आमच्या टबात म्हैस उतरणं शक्य नाही. म्हणून या शनिवारी मीच बाह्या सरसावणार आहे, चिखल उकरून मोकळा करायला.